आधी मत नोंदवा, मग मागा

निवडणूक तोंडावर आली की घरपट्टीवाढीचा विषय हमखास तहकूब! कायद्यानं मनपाचे करदर २० फेब्रुवारीपर्यंत ठरायला हवेत. पण मतदान जवळ आलं की सगळ्यांनाच जनतेचा कळवळा. गुलाल धुतला की दारात नोटीस. थकलं तर महिन्याला २ टक्के शास्ती, वर.

विरोधक तरी काय? चौकात माईक लावून करवाढीवर बोंबलणार, आणि सभागृहात मतदान मागा म्हटलं की ‘बघू’. बघू काय, अहो? मागा की! कोण बाजूनं, कोण विरोधात, नावानिशी लिहू द्या. आम्ही सांगलीकर २०१९ च्या पुराचा चिखल उपसून घरपट्टी भरणारी माणसं. खरं सांगितलेलं झेपतं आम्हाला. आणि त्या प्रचाराच्या रिक्षा दुपारच्या तेवढ्या बंद ठेवा.