'सगळं टेक्स्ट ठेवा, बाकी अ‍ॅप बघेल'? नको!

सध्या एक सल्ला जोरात फॉरवर्ड होतोय: "डेटाबेसमध्ये स्वतःचे टाइप बनवू नका. सगळे कॉलम टेक्स्ट ठेवा, तपासणी अ‍ॅपमध्ये करा. कस्टम टाइप स्लो असतात आणि एकदा केले की बदलता येत नाहीत." (टाइप म्हणजे कॉलममध्ये कसली माहिती बसेल, याचा प्रकार; टेक्स्टमध्ये कुठलाही मजकूर चालतो.) मी पोस्टग्रेस या डेटाबेसपुरतं बोलतो, रोज त्याच्याशीच गाठ पडते.

तपासणी अ‍ॅपमध्ये, ठीक. पण कुठल्या अ‍ॅपमध्ये? एका पतसंस्थेच्या लाभांशाचं काम होतं. फॉर्मवर आयएफएससीची, म्हणजे बँक शाखेच्या कोडची, तपासणी चोख होती. पण सभासदांची जुनी यादी कुणीतरी एक्सेलमधून सीएसव्ही करून थेट टेबलात ओतली. आयएफएससी 11 जागांचा: पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं कायम शून्य, उरलेल्या सहा जागा शाखेच्या. यादीत बऱ्याच ठिकाणी शून्याऐवजी इंग्रजी ओ होता. डोळ्यांना कुठला दिसतोय फरक! टेक्स्ट कॉलमनं निमूटपणे गिळलं आणि ऐन वाटपाच्या दिवशी पेमेंटची फाइल बँकेकडून परत आली. मग आम्ही आयएफएससीचं डोमेन, म्हणजे नियम जोडलेला स्वतःचा टाइप, केलं. आत टेक्स्टच, वर एक चेक. सभासद, कर्मचारी, पुरवठादार, तिन्ही टेबलांना तोच नियम. पुढची सीएसव्ही पहिल्या चुकीच्या ओळीलाच अडली, ओळ क्रमांकासकट.

स्लो? डोमेन डिस्कवर मूळ टाइपसारखंच साठतं, खर्च फक्त चेक चालवण्याचा. एनमची, म्हणजे ठरावीक व्हॅल्यूंची यादी असलेल्या टाइपची, व्हॅल्यू तर 4 बाइटांत बसते.

बदलता येत नाहीत, हे एनमबाबत अर्धं खरं. पोस्टग्रेस 9.1 पासून (2011) नवी व्हॅल्यू घालता येते, 10 पासून (2017) नाव बदलता येतं, पण काढून टाकायची सोय नाही. म्हणून सतत बदलणाऱ्या यादीला मी एनम लावत नाही. वेगळं टेबल आणि त्याकडे बोट दाखवणारी फॉरेन की बरी. डोमेनला ही अडचण नाही. नवा नियम 'नॉट व्हॅलिड' म्हणून, म्हणजे जुना डेटा न तपासता, लावायचा, जुना डेटा साफ करायचा, मग व्हॅलिडेट.

गंमत म्हणजे डोमेनची खरी उणीव त्या फॉरवर्डमध्ये नाहीच. इंटिजर (पूर्णांक) टाइपवर 'रुपये' आणि 'पैसे' अशी दोन डोमेन केली, तरी पोस्टग्रेस त्यांची बेरीज खुशाल करून देतं. एडा या प्रोग्रॅमिंग भाषेत असे दोन वेगळे टाइप केले, तर ती बेरीज कंपाइलच होत नाही. आम्ही कॉलमचं नावच 'रक्कम_पैसे' ठेवलंय. जुगाडच, पण अजून तरी कुणी त्यात रुपये भरले नाहीत.