आधी बंद कुठून होतं ते सांगा

प्लंबर किंवा इलेक्ट्रिशियन घरात आला की तो लगेच बिघाडाकडे बघत नाही. पिशवी खाली ठेवतो, कमरेवर हात ठेवतो, भिंतीवरून एकदा नजर फिरवतो आणि विचारतो, "हे कुणी केलंय?" उत्तर त्याला नको असतं. आधीचा माणूस अडाणी होता याची नोंद झाली, की मगच पिशवीतून पाना बाहेर येतो. आमच्या बाथरूममधला जोड बघून एकजण असाच चुकचुकायला लागला, तेव्हा आई म्हणाली, "अहो दादा, मागच्या दिवाळीत तुम्हीच केलंत की." तो जराही ओशाळला नाही. "मग मावशी, मटेरियल कुणी आणलं होतं?" मटेरियल मी आणलं होतं. खटला तिथेच निकाली निघाला.

आमची इमारत कोथरूडमधली, बिनलिफ्टची, भिंतीत जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाईप पुरायच्या जमान्यातली. अशा घरात राहणाऱ्याने दुरुस्ती शिकायच्या भानगडीत पडण्याआधी बंद करायला शिकावं, असं माझं ठाम मत आहे. पाणी कुठून बंद होतं आणि लाईट कुठून बंद होते, एवढं ज्याला अंधारात, ओल्या पायांनी सांगता येतं, त्याला मी जाणकार म्हणतो. बाकीचे सगळे व्हिडिओ बघितलेले.

हे वाटतं तितकं सोपं नाही. बेसिनखाली, कमोडच्या टाकीजवळ, गीझरखाली जे छोटे अँगल कॉक असतात, ते फिरले तर प्रश्नच मिटला. पण फिरत नाहीत. बसवल्यापासून त्यांना कुणी हात लावलेला नसतो, क्षाराने ते जागच्या जागी धरलेले असतात, आणि जोर लावला तर कॉकऐवजी पाईप फिरतो. मग गच्ची गाठायची. गच्चीवर टाकीखाली व्हॉल्व्हची रांग आहे. कुठला कुणाच्या घराचा, कुठला स्वयंपाकघराचा, कुठला संडासाचा, हे बिल्डरच्या प्लंबरला ठाऊक होतं. ते ज्ञान तो सोबत घेऊन गेला. त्यामुळे आमच्याकडे वर्षानुवर्षं एकच पद्धत होती: एकाने वर जाऊन अंदाजाने एक व्हॉल्व्ह बंद करायचा आणि ओरडा कुठल्या मजल्यावरून येतो ते ऐकायचं. दुसऱ्या मजल्यावरचे काका एरवी इतकं हळू बोलतात की सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांचं म्हणणं नेहमी पुढच्या मीटिंगवर जातं. डोळ्यात साबण गेल्यावर त्यांचा आवाज खाली रिक्षा स्टँडपर्यंत पोचला. त्यांचाच व्हॉल्व्ह आहे हे त्या दिवशी नक्की झालं, आणि पुढच्याच रविवारी ऑइल पेंटचा डबा घेऊन ते स्वतः गच्चीवर हजर झाले. आता प्रत्येक व्हॉल्व्हवर फ्लॅटचा नंबर आहे. रंगाचे पैसे कुणी द्यायचे हा विषय अजून अजेंड्यावर आहे, ते सोडा. त्याच दिवशी दुसरा एक नियमही ठरला: अधूनमधून प्रत्येक व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून पुन्हा पूर्ण उघडायचा, म्हणजे तो धरत नाही. अर्धवट उघडा ठेवायचा नाही.

पाणी बंद झालं की नळ खोलायचा. जुना, चारपाच वेळा फिरवावा लागणारा नळ गळत असेल तर बहुतेक वेळा आतला वॉशर गेलेला असतो. तो रुपया-दोन रुपयांत मिळतो या आठवणीवर कुणी जगू नये, पण अजूनही नळापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे. पाव किंवा अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळाला वॉशर नसतो, आत सिरॅमिकच्या चकत्यांचं कार्ट्रिज असतं आणि ते अख्खं बदलावं लागतं. "थेंबच तर पडतोय" म्हणणाऱ्यांसाठी माझ्या नर्स असलेल्या मेव्हणीने हिशोब मांडला आहे. सलाईनच्या साध्या नळीतून 20 थेंब पडले की एक मिलिलिटर होतो. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाचे 86,400 थेंब, म्हणजे चार लिटरच्या वर. नळाचा थेंब तर त्याहून जाडा. हे ऐकल्यापासून आई गळक्या नळाखाली बादली ठेवते आणि ते पाणी तुळशीला घालते, त्यामुळे नळ दुरुस्त करायची घाई घरात कुणालाच उरलेली नाही.

हार्डवेअरच्या दुकानात जाताना खराब झालेला भाग सोबत न्यावा. रिकाम्या हातांनी गेलात तर मेलात. "अर्धा इंची का पाऊण? आटे आतून का बाहेरून? शॉर्ट बॉडी का लाँग?" दुकानदार हे सगळं वर न बघता विचारतो, आणि मागच्या रांगेतले प्लंबर तुमच्याकडे दयेने बघतात. मी नेहमी गंजका तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेतो आणि एक शब्दही न बोलता काउंटरवर ठेवतो. दुकानदार तो उचलतो, उलटापालटा करतो आणि म्हणतो, "हे कुणी बसवलं होतं?"

टेफ्लॉन टेपबद्दल एक सांगतो, कारण यावरून आमच्या घरात अबोला झालेला आहे. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरायचं आणि टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर नळ बसवताना ती सुटत जाते. आणि दुसरं, आवळणं. सीपीव्हीसी पाईपच्या फिटिंगचे आटे प्लास्टिकचे असतात. समोर उभं राहून "अजून थोडं, अजून थोडं" म्हणणारा एक नातेवाईक प्रत्येक घरात असतो. आमच्याकडे तो सासऱ्यांच्या रूपात आहे. फिटिंगला तडा जातो तो त्या शेवटच्या 'थोडं'ला, आणि तेव्हा ते हॉलमध्ये पेपर वाचत असतात.

विजेच्या बाबतीत मात्र मी विनोद कमी करतो. पाणी चूक झाल्यावर ओरडायला वेळ देतं. टेस्टर घरात हवाच, पण तो चालतो का हे आधी चालू सॉकेटमध्ये लावून बघावं. न पेटणारा टेस्टर म्हणजे वीज नाही असं नव्हे, टेस्टरही मेलेला असू शकतो. एकदा आमच्या सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटला. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "डबल लाईट येतेय, बिल वाढेल." तसं काही नसतं. न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, कुठेतरी तुटलेला असतो आणि फेजच, म्हणजे करंट आणणारी वायर, चालू असलेल्या एखाद्या दिव्यातून फिरून दुसऱ्या भोकात येऊन बसतो. दिवा लागत नाही, पण हात लावला तर झटका पूर्ण.

गीझरचं दुखणं वेगळं. 2000 वॅटचा गीझर 230 व्होल्टला पावणेनऊ अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. तो 6 अँपिअरच्या सॉकेटला कन्व्हर्टर लावून चालवणारे लोक मी पाहिले आहेत. पिन नसलेल्या नुसत्या वायरी सॉकेटमध्ये खुपसून आगपेटीच्या काड्यांनी ठासणारेही पाहिले आहेत. आगपेटीच्याच काड्या का, हे त्यांना कुणी विचारत नाही.

यंदाच्या थंडीत आमची आरसीसीबी, म्हणजे बोर्डातला करंट गळला की आपोआप पडणारा स्विच, सारखी पडायला लागली. एमसीबी, म्हणजे बोर्डातले एकेका लाईनीचे छोटे स्विच, वायरीला सांभाळते, आरसीसीबी माणसाला. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का यावर तिचं लक्ष असतं आणि फरक 30 मिलिअँपिअरपर्यंत गेला की ती पडते. इलेक्ट्रिशियन आला, "हे कुणी केलंय" झालं, आणि मग त्याने अगदी प्रेमाने उपाय सांगितला: "सर, ही काढून डायरेक्ट करून देतो. कटकटच नको." आई लगेच हो म्हणाली, आंघोळीच्या वेळेला अंधार करणारी वस्तू तिच्या मते घरात नसावीच. मी दोघांना चहा दिला, सगळ्या एमसीबी खाली केल्या आणि एकेक वर करत गेलो. गीझरची वर केली की आरसीसीबी पडायची. क्षार चढून एलिमेंटचं कवच फुटलं होतं आणि करंट पाण्यात उतरत होता. "म्हणजे ती बरोबर होती," आई म्हणाली. आरसीसीबीबद्दल. माझ्याबद्दल ती काही बोलली नाही.

नवीन एलिमेंट बसवताना गीझरमागची टाईल फोडावी लागली. पाईप उघडे असताना मी मोजायची टेप लावून फोटो काढून ठेवला: जमिनीपासून किती उंच, कोपऱ्यापासून किती लांब. पुढे भिंतीत भोक पाडणाऱ्याला हा फोटो लाखमोलाचा. ही बातमी जिन्यावरून दुसऱ्या मजल्यावर गेली आणि संध्याकाळी काका आले. त्यांना बाथरूममध्ये शेल्फ लावायचं होतं. "फोटो द्या ना तुमचा. फ्लॅट सारखेच आहेत." मी म्हटलं, काका, फ्लॅट सारखे आहेत, पाईप मात्र प्रत्येक मजल्यावर त्या दिवशीच्या मूडप्रमाणे गेलेत. त्यांनी थोडा विचार केला.

मग ते गच्चीवर गेले, स्वतः रंगवलेल्या व्हॉल्व्हवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले आणि फोन स्पीकरवर टाकला. खाली काकूंनी ड्रिल भिंतीला टेकवलं.

"पाडू का?"

"थांब, आधी साबण लावून कुणी बसलंय का बघ!"