कॅमेरा गेला तरी चालेल, रेकॉर्डिंग राहिलं पाहिजे

गावोगावी आता कॅमेरे लागले. घरी, कोठ्यावर, संत्र्याच्या बगिच्यात, कृषी केंद्रात. लावणारा वायर ओढतो, मोबाईलवर चित्र दाखवतो, पैसे घेतो आणि जातो. चोराचा पहिला हात कॅमेऱ्यावरच पडेल, याचा विचार त्या कामात कुठंच नसतो. माझं स्पष्ट मत आहे की चारऐवजी तीन कॅमेरे घ्यावे आणि वाचलेले पैसे त्यांच्या बंदोबस्तावर लावावे.

सगळ्यात मोठं भगदाड बाहेरच्या भिंतीवरचं मीटर. खालचा मेन स्विच पाडला की कॅमेरे, डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारा डबा), वायफाय सगळं एका झटक्यात बंद. आपल्याकडे लाईन तशीही जाते, त्यामुळे रात्री कोणी उठून पाहतही नाही. चार कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर मिळून साधारण 45 वॅट खातात. कॉम्प्युटरच्या 600 व्हीएच्या यूपीएसमध्ये 12 व्होल्ट 7 एएचची बॅटरी असते, ती जेमतेम तासभर ओढते. घरात 150 एएचचा इन्व्हर्टर असेल तर हे सगळं त्याच्या लाईनवर घ्या. पंखे बंद असले तर रात्र सहज निघते. राउटर विसरू नका. तो बंद पडला तर मोबाईलवर सूचनाही येत नाही.

बल्बच्या होल्डरमध्ये फिरवून बसवायचा वायफाय कॅमेरा छपरीत लावणाऱ्यांनी एक पाहावं: त्याचा खटका दाराजवळच्या बोर्डावर आहे का? असेल तर तो कॅमेरा बंद करायला शिडीही लागत नाही. होल्डरची वायर खटक्याला वगळून थेट करून घ्या, आणि होल्डर इतक्या उंचीवर असू द्या की उभ्या माणसाचा हात पोचणार नाही.

आता डीव्हीआर. तो टीव्हीखाली ठेवायची पद्धत मला अजिबात पटत नाही. चोर तोच उचलतो, कारण सगळा पुरावा त्याच्या हार्डडिस्कमध्ये असतो. डीव्हीआर माळ्यावर किंवा धान्याच्या खोलीत, भिंतीला बोल्ट केलेल्या कुलपाच्या लोखंडी पेटीत ठेवा. पेटीला दोन्ही बाजूंनी जाळी हवीच. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा 45 च्या वर जातो, बंद कपाटात डिस्क भाजून निघते. कूलरच्या हवेसमोरही नको, ओलीनं कनेक्टर गंजतात. एखादा बिघडलेला जुना डीव्हीआर असेल तर तो वायरीसकट टीव्हीखाली राहू द्या. घाईतला चोर तोच घेऊन जाईल.

तरीही दुसरी प्रत लागतेच. कोॲक्स वायरच्या साध्या कॅमेऱ्यात बहुधा मेमरी कार्ड नसतं. म्हणून एक वायफाय कॅमेरा वेगळा घ्या, त्यात 64 जीबीचं हाय एन्ड्युरन्स, म्हणजे सततचं रेकॉर्डिंग सोसणारं कार्ड टाका आणि त्याचं तोंड डीव्हीआरच्या खोलीकडे करा. रेकॉर्डिंगचा वेग (बिटरेट) 1 एमबीपीएस ठेवला तर त्यात पाच-सहा दिवसांचं रेकॉर्डिंग मावतं.

बसवण्यातच बहुतेक चुका होतात. विटा-सिमेंटच्या भिंतीत 6 एमएमचं प्लग आणि 35 एमएमचा स्क्रू पुरतो. मातीच्या भिंतीत मात्र तो पावसाळ्यात आपोआप ढिला होतो आणि एका हिसक्यात निघतो. तिथं 8 एमएमचा बोल्ट भिंतीच्या आरपार काढा, आतून 3 एमएम जाडीची लोखंडी पट्टी लावून नट आवळा. बाहेरचे स्क्रू टॉर्क्सचे, म्हणजे चांदणीसारख्या खाचेचे आणि मधे टोच असलेले घ्या, साध्या स्क्रू ड्रायव्हरनं ते फिरत नाहीत. वायर कॅमेऱ्याच्या पाठीमागूनच थेट भिंतीत गेली पाहिजे. छिद्र आतून बाहेर उतरतं पाडा, नाहीतर पाणी आत येतं. जोड आणि पीव्हीसी डबी घराच्या आतच ठेवा. वायर बाहेरून न्यायचीच असेल तर जाड पाईपमधून न्या आणि दर दीड-दोन फुटांवर क्लॅम्प मारा. लोंबती वायर चोराच्या आधी वानरंच तोडतात.

उंचीबद्दल वाद आहे. पंधरा फुटांवर कॅमेरा सुरक्षित राहतो, पण त्यात फक्त टोप्या आणि दुपट्टे दिसतात. मी म्हणेन नऊ-दहा फूट ठेवा, आणि हा कॅमेरा दुसऱ्याच्या नजरेत राहील अशी मांडणी करा. लांबट बुलेट कॅमेरा काठीनं सहज फिरवता येतो. म्हणून दाराजवळ गोल, टरेट प्रकारचा लावा. काचेच्या घुमटाचा नको, आपल्या धुळीत त्याचं रात्रीचं चित्र पांढरं येतं.

वावरातल्या सोलर कॅमेऱ्याचं वेगळं आहे. त्याचं कार्ड त्याच्या पोटातच असतं, कॅमेरा गेला की पुरावाही गेला. तिथं क्लाउडचा, म्हणजे रेकॉर्डिंग इंटरनेटवर साठवायचा प्लॅन घेतल्याशिवाय पैसे घालू नका, आणि सिमचं रिचार्ज संपू देऊ नका. खांब दोन इंची जीआय पाईपचा, 15 फूट लांब, त्यातला तीन फूट काँक्रीटमध्ये. गाडायच्या टोकाला सळईचे दोन तुकडे आडवे वेल्ड करा, म्हणजे पाईप पिळून उपटता येत नाही. पॅनलच्या नटांवर वेल्डिंगचा एकेक टाका मारा.

छेडछाड भिंतीवरच होते असं नाही. बरेच लावणारे ॲपचं खातं स्वतःच्या नंबरवर काढतात आणि गावभर एकच पासवर्ड ठेवतात. म्हणजे तुमचं अंगण त्यांच्या मोबाईलवर दिसतं. पैसे देण्याआधी खातं तुमच्या नंबरवर करून घ्या, पासवर्ड स्वतः बदला. डीव्हीआरवरच्या क्यूआर स्टिकरचा फोटो काढून स्टिकर झाकून टाका. सेटिंगमध्ये ‘व्हिडिओ लॉस’ आणि ‘व्हिडिओ टॅम्पर’ या दोन्ही सूचना चालू करा. वायर कापली किंवा लेन्सवर शेण-माती फासली तर मोबाईल वाजतो.

घड्याळही तपासत जा. आतला नाण्याएवढा सेल संपला की लाईन जाऊन आल्यावर तारीख चुकते, आणि चुकीच्या तारखेचं रेकॉर्डिंग पोलिसांसमोर सिद्ध करताना घाम फुटतो.

चोरी झालीच तर 112 वर कळवा आणि डीव्हीआरच्या सेटिंगमध्ये खाटखूट करू नका. 2 एमबीपीएसवर चार कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग 1 टीबीच्या डिस्कमध्ये साधारण 11 दिवसच टिकतं, पुढं जुन्यावर नवं चढतं. म्हणून लगेच पेन ड्राइव्हवर प्रत काढा आणि मूळ डिस्क तशीच राखून ठेवा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली अशा पुराव्याला प्रमाणपत्र लागतं, त्यात फाईलची हॅश व्हॅल्यूही (फाईल बदलली नाही हे दाखवणारा तिचा खुणेचा कोड) लिहावी लागते. कॅमेऱ्याचं बिल आणि सीरियल नंबरचा फोटो आजच मोबाईलमध्ये काढून ठेवा; तक्रार लिहिताना पहिल्यांदा तेच विचारतात.