चपटं नाक म्हणजे अस्सल पर्शियन, हे साफ खोटं आहे

परवा नाशिकहून भाचीचा फोन आला. "मामा, पंच फेसचं पिल्लू मिळतंय, उद्यापर्यंत ॲडव्हान्स द्यायचाय." पंच फेसच, म्हणजे अगदी चपट्या चेहऱ्याचंच का, तर व्हॉट्सॲपवर फिरणारा तो मेसेज, ‘अस्सल पर्शियन मांजर कशी ओळखाल’. महिन्याभरात मला तो चार जणांनी पाठवला आणि चारही वेळा मी सोडून दिला. आता घरातलीच पोरगी त्याच्या भरवशावर पैसे मोजायला निघालीय, तेव्हा गप्प बसणं शक्य नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: नाक जितकं आत, तितकं रक्त शुद्ध. डोळ्यांतून पाणी येणं आणि घोरणं ही जातीचीच लक्षणं, काळजी करू नका. मांजर आळशी असते, पिंजऱ्यात ठेवली तरी चालते. अस्सल असेल तर ‘ट्रिपल कोट’, म्हणजे केसांचे तीन थर असतात. आणि उन्हाळ्यात सगळे केस काढून टाका.

आधी ते शुद्ध रक्त. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर यांनी १८७१ साली मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं, त्यात लांब केसांच्या मांजरीही होत्या. त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांतले पर्शियन मांजरांचे फोटो काढून बघा. चेहरा गोल, पण नाक व्यवस्थित पुढे आलेलं. म्हणजे आज ज्याला आपल्याकडे विक्रेते ‘डॉल फेस’ म्हणून स्वस्तात विकतात, तेच जुनं रूप. चपटा चेहरा विसाव्या शतकात ब्रीडरांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून आणलाय. आणि रक्ताचंच बोलायचं तर २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी मांजरांच्या जातींचे जनुक तपासले, तेव्हा आजची पर्शियन मांजर मध्यपूर्वेतल्या नव्हे, पश्चिम युरोपातल्या मांजरांच्या जवळची निघाली. मग नाक बघून कसलं रक्त ओळखता?

खरा संताप येतो तो दुसऱ्या मुद्द्याचा. माझ्याकडे नऊ वर्षं मनी होती, सेमी पंच, म्हणजे जरा कमी चपट्या चेहऱ्याची पर्शियन. रोज सकाळी कोमट पाण्यात कापूस भिजवून तिच्या डोळ्यांखालच्या घडीतली तपकिरी खपली काढायची. संध्याकाळी घडी पुन्हा ओली. खायला बसली की दाणा वाडग्याच्या कडेला ढकलत न्यायची, जिभेच्या खालच्या बाजूने उचलायची आणि त्यातले निम्मे बाहेर सांडायचे. झोपताना हनुवटी उशीच्या काठावर ठेवायची. आम्हाला वाटायचं, किती लाडात झोपते! एकदा डॉक्टरांनी टॉर्च मारून दाखवलं. नाकपुड्या म्हणजे नुसत्या दोन चिरा. हनुवटी वर ठेवली की श्वास घ्यायला बरं पडत होतं, एवढंच. डोळ्यांतलं पाणी नाकात उतरायची नळी चेहरा दाबल्यामुळे वाकडी झालेली, म्हणून ते गालावर वाहायचं. ही जातीची खूण नाही, हा त्रास आहे. आणि तो मुक्या जिवाला आपल्या हौसेपायी होतोय.

माझ्या एका मनीवरून बोलतोय असं कुणी म्हणू नये. २०१६ साली ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. हजार मालकांकडून प्रश्नावली भरून घेतली आणि त्यांनी पाठवलेल्या फोटोंवरून मांजरांचे चेहरे मोजले. नाक-तोंड जितकं चपटं, तितक्या श्वासाच्या तक्रारी जास्त. ज्यांना श्वासाचा त्रास, त्यांच्या डोळ्यांखाली डागही जास्त आणि त्यांची हालचालही कमी.

हालचाल कमी, हे नीट वाचा. पर्शियन मांजर शांत असते हे मी मान्य करतो. कपाटावर चढणं, पडद्याला लोंबकळणं मनीने फारसं केलं नाही. पण शांत वेगळी आणि दमलेली वेगळी. दोरी हलवली की ती दोन उड्या मारून बसायची आणि तोंड उघडून श्वास घ्यायची. अशा मांजरीला आळशी ठरवून पिंजऱ्यात कोंडायचा सल्ला देणाऱ्याने कधी मांजर पाळलेली नसावी. माझ्या चपलेचा आवाज ओळखून दारात येऊन बसायची ती. संध्याकाळी उशीर झाला तर तासभर पाठ करून बसायची.

‘ट्रिपल कोट’ हा विक्रीचा शब्द आहे. आत मऊ लोकर, वर लांब केस, संपलं. उन्हाळ्यात केस काढण्यात अर्धं तथ्य आहे. गाठी कातडीपर्यंत गेल्या असतील तर डॉक्टरांकडून काढून घ्याव्याच लागतात. पण रोज दहा मिनिटं कंगवा फिरवला तर ती वेळ सहसा येत नाही. उगाच तासून काढलं तर उघडी कातडी उन्हाने भाजते.

त्या मेसेजात जे असायला हवं होतं, ते नाहीच. पर्शियन मांजरांत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आहे, पीकेडी. आई किंवा बाप, एकात जरी तो असला तरी साधारण निम्म्या पिल्लांत उतरतो. त्याची जनुकीय चाचणी २००४ पासून माहीत आहे, गालातून घेतलेल्या नमुन्यावरही होते.

भाचीला तेवढंच सांगितलं: आईबापांचा पीकेडी रिपोर्ट माग, आणि पिल्लू झोपलेलं असताना बघायला जा, श्वास कसा घेतंय ते कळेल. तिने दुकानात फोन केला. रिपोर्ट नाही म्हणाले. ॲडव्हान्स दिलेला नाही.