बल्ब बदलायचाय? आधी बंपर उतरवा!

हेडलाइटचा साधा बल्ब बदलायला पुढचा अख्खा बंपर उतरवावा लागेल, असं डिझाइन ज्याने कुणी पास केलं, त्याला जुलै महिन्यात रात्री कसारा घाटात एका दिव्यावर उभं करावं अशी माझी फार इच्छा आहे. छत्री देईन. पाना देणार नाही.

आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या गल्लीत परवा हाच प्रकार चालला होता. शेजारच्या मुलाची गाडी, तीन-चार वर्षं जुनी, डावा दिवा गेलेला. पूर्वी हे काम किती होतं? मागचं कनेक्टर ओढायचं, रबराची टोपी काढायची, तारेची क्लिप दाबायची, बल्ब हातात. नवा बसवताना काचेला बोट लागू द्यायचं नाही, एवढंच पथ्य. आता दिव्यामागे हातच जात नाही. एका बाजूला बॅटरी, दुसऱ्या बाजूला वॉशरच्या पाण्याची टाकी. पुस्तक उघडून बघितलं तर त्यात एकच ओळ: अधिकृत सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा. आणि हा तरी बल्ब होता म्हणायचा. एलईडीवाल्या बऱ्याच गाड्यांत बल्ब नावाची वस्तूच वेगळी मिळत नाही, दिवा गेला की अख्खं युनिट बदला.

हे दुखणं साऱ्या देशाचं आहे, पण नाशिककराला जरा जास्तच टोचायला हवं. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत अर्धं शहर गाड्यांवर जगलं. मायको सर्कल हे नाव एका डिझेलच्या नोझल बनवणाऱ्या कारखान्यावरून पडलंय, आणि महिंद्राच्या गाड्या सातपूरच्या लाइनवरून बाहेर पडताना बघत आमच्या दोन पिढ्या मोठ्या झाल्या. आमच्या एका गल्लीत नोझल ग्राइंडिंगवरून निवृत्त झालेले काका आहेत, प्रेस शॉपवाला आहे, पेंट शॉपवाला आहे, मी स्वतः टूलरूमवाला. मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात काम केलेली माणसं. त्या संध्याकाळी आम्ही चौघं बॉनेट वर करून काळ्या प्लॅस्टिकच्या झाकणाकडे बघत उभे होतो. झाकणावर कंपनीचं नाव सुंदर कोरलेलं होतं.

आमच्या अण्णांची फियाट होती. रविवारी सकाळी प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडायची, पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे, फिलर गेजने फट बघायची. गेज कारखान्यातून आलेलं असायचं (सोमवारी परत जायचं, असं अण्णांचं म्हणणं). प्लग काढून तारेच्या ब्रशने साफ करायचे. त्यांचा रंग बघून अण्णा सांगायचे, पेट्रोल जास्त खातेय की कमी. भट्टीतल्या विटेसारखा तांबूस असेल तर ठीक, काळाकुट्ट असेल तर कार्बोरेटरच्या स्क्रूला पाव आटा. कार्बोरेटरचा जेट तोंडाने फुंकायचा, मग दिवसभर चहाला पेट्रोलची चव. नंतर मारुती ८०० आली तेव्हा तर चैन वाटली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, आणि बॉनेट उघडलं की इंजिनाच्या बाजूने खालचा रस्ता दिसायचा. पाना हातातून निसटला तर सरळ जमिनीवर पडायचा, शोधावा लागायचा नाही. आज पाना पडला तर तो पुढच्या मालकाला सापडतो.

पण थांबा, 'जुनं ते सोनं' लिहायला मी बसलेलो नाही. ती फियाट मे महिन्यात घाट चढताना हमखास रुसायची. पेट्रोलची वाफ होऊन पंप ओढेनासा झाला की ओलं फडकं पंपावर टाकून अर्धा तास झाडाखाली बसायचं. रेडिएटरसाठी पाण्याचा कॅन डिकीत कायम. आताची गाडी थंडीत, पावसात, कधीही, बटण दाबलं की चालू. पॉइंट नाहीत, कार्बोरेटर नाही, चांगले प्लग लाखभर किलोमीटरही जातात. धुराड्यातला सेन्सर ऑक्सिजन मोजतो आणि पेट्रोलच्या एका भागाला वजनाने हवेचे साधारण १४.७ भाग, हे गणित इंजिनाचा कंप्युटर सतत सांभाळत राहतो. स्क्रू ड्रायव्हरने ते कुणाच्या बापाला जमणार नाही, आणि ते जमल्याशिवाय धुरातले विषारी वायू साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक नियम आले ते चांगलंच झालं. नाशिकच्या द्वारका चौकात सिग्नलला थांबणाऱ्या कुणालाही विचारा.

म्हणजे गाडी गुंतागुंतीची झाली, याचा मला राग नाही. टूलरूममध्ये कंप्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीन आल्या तेव्हा आम्हीही शिकलोच. राग वेगळ्या गोष्टीचा आहे. गाडीला स्वतःला काय होतंय ते पक्कं माहीत असतं, आणि ती ते मालकाला सांगत नाही.

स्टिअरिंगखाली गुडघ्याजवळ सोळा पिनांचं एक सॉकेट असतं, ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतः नोंदवलेले बिघाड वाचायची जागा. त्यात बाजारात मिळणारं स्वस्त ब्लूटूथ यंत्र खुपसलं की मोबाइलवर इंजिनाचे कोड दिसतात. ज्यांच्याकडे नाही त्यांनी जरूर घ्या, निदान पिवळा दिवा लागल्यावर सर्व्हिस ॲडव्हायझर सांगेल तेच ऐकायची वेळ येत नाही. पण ते यंत्र मुख्यतः प्रदूषणाशी संबंधित ठरावीक कोड वाचतं, कारण तेवढे उघडे ठेवणं कायद्याने भाग पडलं. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), एअरबॅग, गिअरबॉक्स, दाराची कुलपं, चावी हे सगळं बहुतेक गाड्यांत कंपनीच्या सॉफ्टवेअरपाशी. लॉगिन असेल त्याच्याशी गाडी बोलते. हप्ते मी भरतो, बोलते मात्र ती दुसऱ्याशीच!

मागचे ब्रेक पॅड घ्या. जॅक लावा, चाक काढा, कॅलिपरचे (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीचे) दोन बोल्ट सोडा, पिस्टन मागे घ्या, नवे पॅड घाला. ज्याला पाना धरता येतो त्याचं तासाभराचं काम. आता हँडब्रेकची दांडी जाऊन बटण आलं. कॅलिपरवर छोटी मोटर बसली. ती मोटर आधी मागे घ्यावी लागते, त्यासाठी गाडी 'सर्व्हिस मोड'मध्ये न्यावी लागते. काही कंपन्यांनी निदान पेडल आणि बटणाची एक युक्ती ठेवलीय, तेवढे आभार. बाकीच्यांत स्कॅनरशिवाय, म्हणजे गाडीच्या कंप्युटरशी बोलणाऱ्या यंत्राशिवाय, गाडी हलत नाही. माहीत नसताना कुणी सी-क्लॅम्पने जोर लावला तर मोटरचा गिअर तुटतो आणि पॅडच्या पैशात कॅलिपर बदलावा लागतो. आता मला सांगा, समोर एवढा मोठा टचस्क्रीन आहे. त्यावर गाणी लागतात, हवामान दिसतं, दिव्यांचे चौसष्ट रंग बदलता येतात. 'मागचे ब्रेक उघडायचे आहेत' असं एक बटण त्यात देता आलं नसतं?

बॅटरीचंही तेच. स्टार्ट-स्टॉपवाल्या, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या गाडीला वेगळ्या जातीची बॅटरी लागते, हे समजण्यासारखं आहे. पण काही महागड्या गाड्यांत नवी बॅटरी बसवल्यावर गाडीच्या कंप्युटरला तसं कळवावं लागतं, नाहीतर तो जुनीच समजून चार्जिंग करत राहतो.

आणि इंजिनात डिझेल फवारणारा इंजेक्टर, म्हणजे आमच्या नाशिकची वस्तू! कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या एकाच नळीत, दाब हजार-दीड हजार बारच्या वर जातो, कुठे दोन हजारही. आतली सुई आणि तिची बॉडी यांच्यातली फट अवघ्या काही मायक्रॉनची असते. तो स्वयंपाकघरातल्या ओट्यावर उघडायचा नसतो हे मला कुणी शिकवायला नको, आणि नोझलवाल्या काकांना तर नकोच. प्रश्न फक्त बदलण्याचा आहे. प्रत्येक इंजेक्टर किंचित वेगळं डिझेल सोडतो, म्हणून त्याच्यावर अक्षर-आकड्यांचा कोड कोरलेला असतो आणि नवा बसवल्यावर तो इंजिनाच्या कंप्युटरला भरावा लागतो. कल्पना उत्तम आहे. पण तो कोड भरायला यंत्र हवं, यंत्राला सॉफ्टवेअर हवं, सॉफ्टवेअरला परवानगी हवी. काका म्हणाले, "माझ्या हातून अशा किती नोझल गेल्या असतील, आणि माझ्याच गाडीत ती घालायची तर अपॉइंटमेंट घ्यायची!"

द्वारका ते मुंबई नाका या पट्ट्यात एक चाचा आहेत, नाव लिहीत नाही. गाडी फाटकातून आत येतानाच त्यांना टॅपेटचा आवाज कळतो. कुणी दीड हजाराचं काम सांगितलं तर 'नुसता एअर फिल्टर झटका' म्हणून परत पाठवणारा माणूस. त्यांनी कर्ज काढून स्कॅनर घेतला. त्याचं दरवर्षी अपडेट, त्याचे वेगळे पैसे, आणि तेवढ्यात नवं मॉडेल येतं जे त्यात नसतंच. परवा म्हणाले, "भाऊ, पार्ट मी बसवून देतो. पण गाडी त्याला ओळखत नाही." मग गाडी टो करून शोरूमला, तिथे दहा मिनिटांचं कोडिंग, त्याचं बिल वेगळं. गिऱ्हाइकाला वाटतं चाचांना जमलं नाही. अंबड लिंक रोडचा भंगार बाजार जोरात होता तेव्हा तिथला आरसा, अल्टरनेटर, दाराची काच आणून बसवायची सोय होती. आता बऱ्याच गाड्यांत वापरलेला कंट्रोल युनिट (गाडीतला छोटा कंप्युटर) आणला तरी तो जुन्या गाडीच्या नावावर कुलूपबंद असतो.

यावर कायदा नाही का? आहे, अर्धवट. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगाने १४ गाडी कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. मुद्दा हाच होता: सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजला मिळू न देणं. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही आयोगाने बजावलं. कंपन्या अपिलात गेल्या, आणि पुढे भारतात खटल्याचं जे होतं ते झालं. मग २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' यावर समिती नेमली, डिसेंबरमध्ये पोर्टलही आलं. त्यात शेतीची यंत्रं, मोबाइल, घरातली उपकरणं आणि गाड्या असे चार गट आहेत. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. ते माहिती देतं, तीही कंपनीला जेवढी द्यावीशी वाटेल तेवढी.

कंपन्यांचं उत्तर ठरलेलं असतं: सुरक्षितता. त्यातलं काही मला मान्य आहे. एअरबॅगला घरी कुणी हात लावू नये. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाडीतल्या नारिंगी केबलजवळ तर जाऊच नये, तिथे शेकडो व्होल्ट असतात. चावीचं प्रोग्रॅमिंग सगळ्यांना खुलं केलं तर चोरांची दिवाळी. पण हेडलाइटच्या बल्बचा आणि सुरक्षिततेचा संबंध नेमका उलटा आहे. दिवा सहज बदलता आला तर लोक एका दिव्याने फिरणार नाहीत. ब्रेक पॅड परवडले तर वेळेवर बदलले जातील. वॉरंटी संपली की शोरूमचा खर्च झेपत नाही म्हणून माणसं काम पुढे ढकलतात, आणि तीच गाडी शनिवारी त्र्यंबक रोडला तुमच्या मागे असते.

माझी खरी काळजी कारची नाहीच, ट्रॅक्टरची आहे. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदाराला छाटणीनंतर पाऊस झाला की डाऊनी या बुरशीरोगाची फवारणी काही तासांत उरकावी लागते. ब्लोअर ओढणारा छोटा ट्रॅक्टर बंद पडला तर तो स्वतः डिझेल फिल्टर बदलतो, पंपाची हवा काढतो, आणि अर्ध्या तासात बागेत परत. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून नवे प्रदूषण नियम लागू झाले, आणि त्यांत कॉमन रेल, सेन्सर, कंप्युटर सगळं आलं. बहुतेक छोटे ट्रॅक्टर जुन्या पंपावरच राहिले. उद्या त्यांचाही नंबर लागेल. तेव्हा पिवळा दिवा लागून इंजिनाने ताकद कमी केली आणि लॅपटॉपवाला माणूस नाशिकहून 'उद्या दुपारी येतो' म्हणाला, तर बाग थांबणार आहे का? द्राक्षवाल्यांच्या संघटनांनी हा विषय आताच धरावा, ट्रॅक्टर दारात आल्यावर नाही.

मला फार काही नको. बल्ब, बॅटरी, फिल्टर आणि पॅड साध्या पान्यांनी निघावेत. सर्व्हिस मॅन्युअल विकत मिळावं, फुकट नको. कोड सगळे वाचता यावेत, आणि नवा पार्ट गाडीला ओळखून द्यायची सोय चाचांसारख्या गॅरेजवाल्यालाही वाजवी पैशात मिळावी. नवी गाडी घेताना मी आता सनरूफ बघत नाही. शोरूममध्ये बॉनेट उघडून बल्बमागे हात घालून बघतो. सेल्समन विचित्र नजरेने बघतात. बघू देत. तुम्हीही घाला हात, दहा गिऱ्हाइकांनी घातला तर अकराव्या वेळी त्यांच्याकडे उत्तर तयार असेल.

आता कामाचं. चांगला स्कॅनर, म्हणजे ब्रेकचा सर्व्हिस मोड, एबीएस आणि इंजेक्टर कोडिंग करणारा, एकट्याला परवडत नाही. सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा भागात पाच-सात जण मिळून एक घ्यावा असा विचार आहे. आठवडाभर ज्याच्याकडे काम त्याच्याकडे यंत्र, वार्षिक अपडेट वाटून, आणि चाचांना लागेल तेव्हा फुकट. ज्यांना यात यायचंय त्यांनी गाडीचं मॉडेल आणि वर्ष कमेंटमध्ये लिहा, म्हणजे कोणतं यंत्र किती गाड्यांना चालतं ते बघता येईल. मीटर मागे फिरवून गाडी विकणाऱ्यांनी मात्र इनबॉक्समध्ये येऊ नये, त्यांच्यासाठी यंत्र नाही.