देल तोरोच्या सिनेमांची उतरंड लावताना

मेक्सिकन दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरोच्या सिनेमांची क्रमवारी लावायची, तर आधी ते सिनेमे पाहायला हवेत, हा गैरसमज पहिल्यांदा डोक्यातून काढून टाका. पाहिलेल्या माणसाची फार पंचाईत होते. 'क्रोनॉस' कितव्या नंबरला टाकू म्हणून तो विचार करायला बसतो आणि त्याला आठवतो तो जुन्या वस्तूंचा म्हातारा व्यापारी. नववर्षाच्या पार्टीत कुणाच्या तरी नाकाचा घोळणा फुटतो. स्वच्छतागृहाच्या फरशीवर रक्त सांडलेलं राहतं आणि हा सूटबूट घातलेला सभ्य आजोबा इकडेतिकडे बघून खाली वाकतो, फरशीवर आडवा होतो आणि ते चाटतो. हे एकदा डोळ्यांसमोर आलं, की पाचवा की सहावा हे ठरवायचं राहूनच जातं. तुमचं असं होता कामा नये. तुमचे नंबर आधी ठरलेले असावेत, कारणं मागाहून जमवता येतात.

आता मोजणी. १९९३ मध्ये कान चित्रपट महोत्सवात दाखवलेल्या 'क्रोनॉस'पासून २०२५ च्या 'फ्रँकेन्स्टाइन'पर्यंत त्याने दिग्दर्शित केलेले सिनेमे तेरा भरतात. पण 'पिनोकिओ' त्याने मार्क गुस्ताफसनच्या जोडीने दिग्दर्शित केला आहे, त्यामुळे काटेकोर माणसाने साडेबारा म्हणावं. समोरचा तिथेच गारद होतो. यादी अजून लांबवायची हौस असेल, तर 'हॉबिट'चे तिन्ही भाग आत घ्या. त्यांची तयारी याने दोनेक वर्षं केली, २०१० मध्ये तो बाहेर पडला, पटकथेच्या श्रेयात नाव मात्र राहिलं. न केलेल्या कामाचा दोष देण्याची इतकी सोपी संधी पुन्हा येत नाही.

सगळ्यात नाजूक प्रश्न 'पॅन्स लॅबिरिंथ'चा. त्याला पहिला नंबर सगळेच देतात, म्हणून तुम्ही देऊ नये. शेवटचा दिलात तर लोक वेडात काढतील. तेव्हा त्याला दुसरा द्या आणि शेजारी 'अर्थात' असा एकच शब्द लिहा. तो सिनेमा तुम्हाला एके काळी फार आवडायचा आणि आता तुम्ही त्याच्या पुढे गेला आहात, एवढं सगळं त्या एका शब्दात येतं. त्यातल्या फिकट राक्षसाबद्दल एखादी ओळ टाकायला हरकत नाही. जेवणाने भरलेल्या लांबच लांब टेबलाच्या टोकाला तो बसलाय, डोळे ताटलीत काढून ठेवलेत, कोपऱ्यात लहान मुलांच्या बुटांचा ढीग. ओफेलिया ही छोटी नायिका दोन द्राक्षं तोंडात टाकते आणि हा उठून डोळे तळहातात बसवतो. मुखवट्याच्या आत डग जोन्स हा नट होता आणि त्याला नाकपुड्यांच्या भोकांतून बघावं लागत होतं, ही माहिती मात्र जरूर द्या, लोकांना ती फार आवडते.

त्याच सिनेमातल्या कॅप्टनच्या गालाविषयी लिहू नका. घरकाम बघणाऱ्या मर्सेडीसने कापलेलं तोंड तो आरशासमोर स्वतःच शिवतो, एकेक टाका ओढून. वर पट्टी लावतो आणि दारूचा घोट घेतो. ती आतून जखमेला झोंबते आणि पट्टीवर डाग पसरतो. मग तो काय करतो? आणखी दारू ओततो! राक्षसाचं स्वप्न पडतं, त्याचं काही वाटत नाही. पण या माणसाचा, त्या हुकूमशहा फ्रँकोच्या काळातल्या इस्त्री केलेल्या वर्दीचा विचार करत बसलात, तर प्रकरण १९४४ च्या स्पेनमध्ये जातं आणि आपली यादी मनोरंजनाची आहे.

'द शेप ऑफ वॉटर'ला जाणकार मंडळी ऑस्करच्या रात्रीपासून पाण्यात पाहतात. १३ नामांकनं, ४ पुरस्कार, त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शक. आता एवढ्या लोकांना आवडलेली गोष्ट तुम्हालाही आवडली, तर तुमच्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला? सरळ आठव्या नंबरला टाका. कारण विचारलं तर 'गोड आहे' म्हणा. त्यातल्या स्ट्रिकलंड या खलनायकाची तुटलेली बोटं पुन्हा शिवलेली असतात, ती सबंध सिनेमाभर काळी पडत जातात आणि शेवटी तो ती स्वतःच उपटून फेकतो. यात गोड काय, असं कुणी विचारणार नाही. विचारणाऱ्याने पाहिलेला असायला हवा ना!

स्पॅनिश भाषेतल्या सिनेमांचं काम त्यामानाने सोपं. ते तीनच आहेत आणि तिन्ही वरच्या पाचात ठेवायची पद्धत आहे. 'द डेव्हिल्स बॅकबोन'ला पहिला नंबर देणं हे आजकाल अभिरुचीचं प्रमाणपत्र मानलं जातं; तुम्ही मात्र पहिला राखून ठेवा. निर्माता पेद्रो अल्मोदोवार, स्पेनच्या यादवी युद्धाचे अखेरचे दिवस, अनाथाश्रमाच्या अंगणात रुतून बसलेला न फुटलेला बॉम्ब. एवढे तीन मुद्दे पाठ करा, भागतं. सांती नावाच्या त्या मुलाच्या भुताजवळ मात्र रेंगाळू नका. त्याच्या फुटलेल्या कपाळातून रक्त खाली ओघळत नाही, वर तरंगत जातं, कारण तो बुडून मेला आहे आणि त्याच्याभोवतीची हवा अजूनही पाणीच आहे. दिग्दर्शकाने मृत्यूची जागा भुताच्या अंगाभोवती तशीच ठेवून दिली आहे, हे कळलं की गळ्याशी काहीतरी येतं. गळा दाटलेल्या माणसाच्या क्रमवारीवर कोण विश्वास ठेवणार?

तळाला 'मिमिक'. यावर चर्चा नको. निर्मात्यांशी त्याचं वाजलं, मनासारखा सिनेमा झाला नाही, २०११ मध्ये दिग्दर्शकाची वेगळी आवृत्ती आली. 'त्या आवृत्तीत जरा बरा वाटतो' असं म्हणून पुढे सरका. भुयारी रेल्वेच्या फलाटावर लांब कोट घातलेला माणूस उभा दिसतो आणि मग तो कोट म्हणजे मिटलेले पंख आहेत हे कळतं, तो भाग विसरून जा. 'ब्लेड २' आणि दोन्ही 'हेलबॉय' मधल्या जागा भरायला आहेत. (दुसऱ्या 'हेलबॉय'मध्ये लाल राक्षस आणि निळा जलचर बिअर पिऊन प्रेमगीत गातात. त्यासाठी मी तो पहिल्या तिनात ठेवला असता, पण मग माझं नाव खराब झालं असतं.)

'पॅसिफिक रिम'बद्दल बोलताना 'अपराधी आनंद' हा शब्द वापरा. पंचवीस मजली यंत्रमानव समुद्रातल्या अक्राळविक्राळ प्राण्यांना बुकलतात, हे आवडल्याचं उघड कबूल करणं वयाला शोभत नाही. 'क्रिमसन पीक'ला 'भीतीच वाटली नाही' म्हणून खाली ढकला. सुरुवातीलाच नायिका आपल्या हस्तलिखिताबद्दल सांगते की ही भुताची गोष्ट नाही, भूत हे फक्त भूतकाळाचं प्रतीक आहे. त्या वेळी तुम्ही फोन बघत असाल, तर तुमची तक्रार अगदी रास्त ठरते. छप्पर फुटलेल्या त्या वाड्यात वरून बर्फ पडतो आणि जमिनीतून लाल चिखल वर येतो. तो वाडा त्यांनी टोरांटोत खराखुरा उभारला होता. पण 'सेट चांगला आहे' या तीन शब्दांत त्याची विल्हेवाट लागते. 'नाइटमेअर ॲली'त राक्षसच नाही, म्हणून तो 'देल तोरोचा वाटत नाही' असं लिहायचं असतं. शेवटच्या मिनिटात ब्रॅडली कूपर हसता हसता रडतो, तो चेहरा कुठल्या प्राण्याचा होता ते तुमच्या यादीत येत नाही.

शब्दसंपत्तीची काळजी करू नका. कीटक, घड्याळाची चक्रं, कॅथलिक अपराधभाव आणि 'परीकथा' एवढ्या चार शब्दांवर तेराही सिनेमे निघतात. साडेबारा म्हणा.

एक गोष्ट मात्र कुणाच्या कानावर जाऊ देऊ नका. हा माणूस गेली तीस-बत्तीस वर्षं बहुतेक एकच सिनेमा काढतो आहे. एक विचित्र जीव असतो. त्याला न घाबरणारं कुणीतरी असतं, बहुधा ज्याचं म्हणणं कुणी ऐकत नाही असं. आणि एक नीटनेटका, आज्ञा देणारा पुरुष असतो, खरा राक्षस तोच. 'क्रोनॉस'मधली नात फारसं बोलतच नाही, पण रक्तपिपासू झालेल्या आजोबाला आपल्या खेळण्यांच्या पेटीत झोपायला जागा करून देते. पुढे ओफेलिया येते, मग 'द शेप ऑफ वॉटर'मधली मुकी इलायझा. लहानपणापासून करायचा होता तो 'फ्रँकेन्स्टाइन' २०२५ मध्ये झाला, तेव्हा त्याने अर्धी गोष्ट त्या जीवाच्याच तोंडून सांगितली. हे वाचकाला कळलं, तर तो विचारेल की एकाच माणसाच्या हातापायांना वेगवेगळे नंबर का दिलेत? तेव्हा प्रत्येक सिनेमाचा परिच्छेद वेगळा ठेवा आणि मध्ये मोठा फोटो टाका.

राहिला पहिला नंबर. तो अद्याप रिकामा आहे, तुमच्या लक्षात आलं असेल. तिथे 'ॲट द माउंटन्स ऑफ मॅडनेस' टाका. भयकथाकार लव्हक्राफ्टची कथा, अंटार्क्टिकाचा बर्फ, निर्माता म्हणून जेम्स कॅमेरॉन, नायक म्हणून टॉम क्रूझचं नाव. प्रौढांसाठीचंच प्रमाणपत्र हवं म्हणून दिग्दर्शक अडून बसला आणि २०११ मध्ये स्टुडिओने एवढा खर्च करायला नकार दिला. त्यात एकही फसलेला प्रसंग नाही, लांबलेला शेवट नाही, पुरस्कारांचा डाग नाही. बाकीच्यांची मतं काहीही असोत, या निवडीवर कुणाला तोंड उघडता येणार नाही. फक्त पुढेमागे कुणी त्याला पैसे देणार नाही एवढं बघा. बनला, की तोही सहाव्या नंबरला येईल.