नळीची जागल

दिवाळीनंतर एका संध्याकाळी पांदणीवर रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप आडवा आला. मी समोरचा ब्रेक दाबला, तर लिव्हर थेट मुठीला टेकला. गाडी तुरीत शिरली. रोही पळाले नाहीत, उभे राहून बघत बसले.

तुरीतच उकिडवा बसून पाहिलं. ब्रेकची नळी मडगार्डच्या काठाला घासून घासून तिचं वरचं रबर गेलं होतं, आतली दोऱ्याची वीण जुन्या धोतराच्या सोग्यासारखी उसवली होती आणि तिथून तेल ठिबकत होतं. हे एका दिवसाचं काम नव्हतं. आमच्या पांदणीवर शॉकअप दर दहा हातांवर खाली बसतो. तो बसला की नळी वाकते, पत्र्याला गाल घासते आणि पुन्हा सरळ होते.

दारव्ह्याला नवी नळी टाकली. साडेपाचशे गेले. मिस्त्रीनं तांब्याचे नवे वायसर घातले, ब्रेकचं डॉट-४ तेल भरलं, नळीतली हवा काढली. टाकीवर सांडलेला थेंब मी चहा पिऊन आल्यावर पुसला, तोवर रंगाला वांग उठलं होतं. हे तेल रंग खातं, हे मला तेव्हा कळलं.

त्या दिवसापासून माझी जागल सुरू झाली. आधी सायकलच्या ट्यूबची पट्टी नळीला गुंडाळली. तिच्यात चिखल शिरला, वाळला आणि पॉलिश पेपरसारखा आतूनच घासू लागला. मग ठिबकची नळी उभी चिरून वरून चढवली. ती कडक, आता पत्रा खाईना, पण फोर्कचा, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांचा, रंग खरवडू लागली. शेवटी प्लास्टिकचे पट्टे आणून नळी फोर्कला करकचून बांधली. घरी उभ्या गाडीवर फार देखणं दिसलं. पहिल्याच खड्ड्यात शॉकअप दबला, नळीच्या वरच्या भागाला सरकायला जागा नव्हती, त्याचा बाक होऊन बाहेर आला. ती टायरकडे वळली असती तर मी पुन्हा तुरीत.

बायको दारातून म्हणाली, "माह्या मंगळसूत्राचा दोरा चार महिन्यांपासून कुजला हाय. त्याले नाही चढवलं एखादं कव्हर?"

मी दोरा शोधायला म्हणून खिळ्यांचा डबा उघडला. त्यात रबराची गुटकी असलेली एक छोटी क्लिप निघाली. मागच्या पावसाळ्यात पंक्चर काढताना मडगार्ड मीच खोललं होतं. बसवल्यावर ही क्लिप उरली, तेव्हा कंपनीनं एक जास्तीची दिली म्हणून मी खूश झालो होतो.

नळीला पत्र्यापासून लांब धरणारी क्लिप हीच. ती जागेवर बसवली. हँडल पुरतं डावीकडे, पुरतं उजवीकडे फिरवलं. पोराला टाकीवर बसवून शॉकअप दाबून पाहिला. नळी कुठंच टेकेना, कुठं ताणेना. तरी मन मानत नाही. आता रस्त्यावर माझी नजर अर्धी पुढं, अर्धी नळीवर.

परवा शेजारचे काका गाडी मागायला आले.

"ब्रेक लागते न रे?"

"लागते काका," मी म्हणालो, "पण लावू नका."